प्रशिक्षक टिकला म्हणजे क्लब टिकला का?

गोव्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2020 च्या सुरुवातीला, साखळीतील मोजके सामने उरलेले असताना, एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. पुढच्या काही महिन्यांत ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई हे खेळाडू मुंबई सिटीत दाखल झाले, लोबेराही तिथेच गेले, आणि त्याच हंगामात मुंबईने साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारे लीग शील्ड व बाद फेरीच्या विजेत्याचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) करंडक असे दोन्ही मान पटकावले. मग क्लबचे यश प्रशिक्षक टिकवण्यावर आणि चांगले खेळाडू हातचे न घालवण्यावरच अवलंबून असते, असे म्हणायला हरकत काय?

मी वीसेक वर्षे प्रशिक्षक म्हणून काम केले आणि त्यातील शेवटची काही वर्षे मैदानाबाहेर, खेळाडू हेरणे आणि त्यांचे करार पाहणे या कामात घालवली. या दोन खुर्च्यांवरून हा प्रश्न अगदी वेगवेगळा दिसतो. प्रशिक्षक असताना 'मला वेळ द्या' याखेरीज दुसरे सत्य जगात नाही असे वाटायचे, आणि करारांच्या टेबलावर आल्यावर लक्षात आले की वेळ मागणाऱ्या प्रत्येकाला वेळ दिला असता तर निम्मे क्लब बुडाले असते. माझे उत्तर असे की दोन्ही गोष्टींचा परिणाम होतो, पण आपण समजतो त्या वाटेने होत नाही. कोणत्या धाटणीने खेळायचे, त्यासाठी कोणता खेळाडू घ्यायचा आणि कोणत्या स्वभावाचा प्रशिक्षक आणायचा, हे ठरवणारी माणसे प्रशिक्षकाच्या वर बसलेली असतात, आणि टिकायला हवी असतात ती माणसे. ती जागेवर असली तर क्लब प्रशिक्षक बदलून आणि खेळाडू विकूनही वर जाऊ शकतो. ती हलली की एकच प्रशिक्षक वर्षानुवर्षे ठेवूनही घसरण थांबत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला काढायला हवा. अॅलेक्स फर्ग्युसन 1986 ते 2013 मँचेस्टर युनायटेडमध्ये होते आणि त्यांनी तेरा वेळा इंग्लंडची लीग जिंकली. आर्सेन वेंगर 1996 ते 2018 आर्सेनलमध्ये होते. या दोन उदाहरणांवरून लोक स्थैर्याचा महिमा सांगतात. पण जिंकणाऱ्याला कोण काढणार? ते दीर्घकाळ राहिले म्हणून जिंकले, याइतकेच ते जिंकत राहिले म्हणून दीर्घकाळ राहिले, हेही खरे आहे, आणि नुसत्या वर्षांच्या आकड्यावरून या दोहोंतले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे उलगडत नाही. जे टिकूनही बुडाले त्यांची नावे या चर्चेत येत नाहीत. बर्नलीमध्ये शॉन डाइश ऑक्टोबर 2012 पासून एप्रिल 2022 पर्यंत होते. मधल्या काळात 2015 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला तरी क्लबने त्यांना ठेवले, वर्षभरात ते संघाला परत वर घेऊन आले आणि 2017-18 मध्ये तर सातव्या क्रमांकावर पोहोचले. इथवर ही स्थैर्याची आदर्श गोष्ट आहे. पण त्यानंतर संघ वयाने वाढत गेला, नवे रक्त फारसे आले नाही, शेवटी आठ सामने उरलेले असताना त्यांना काढले आणि तरीही संघ खाली गेला. दुसऱ्या टोकाला चेल्सी आहे. 2012 मध्ये रॉबेर्तो दि मातेओ यांना मार्चमध्ये हंगामी म्हणून नेमले आणि मेमध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. 2021 मध्ये थॉमस टुखेल जानेवारीत आले आणि मेमध्ये तीच स्पर्धा जिंकली. वॉटफर्डने तर 2014-15 च्या एकाच हंगामात चार प्रशिक्षक वापरले आणि तरीही प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत बढती मिळवली.

प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो, हा अनुभव खोटा नाही. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी 1986 ते 2004 या काळातील डच लीगचे सामने तपासले तेव्हा त्यांनाही हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदललेल्या संघांचे निकाल सुधारलेले दिसले. पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तितक्याच वाईट घसरगुंडीत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, असे संघ त्यांनी शेजारी ठेवले, आणि त्यांचेही निकाल जवळजवळ तसेच सुधारलेले निघाले. नाणे सलग पाच वेळा काटा पडल्यावर आपण नाणे बदलले आणि सहाव्या वेळी छापा पडला, तर श्रेय नव्या नाण्याला द्यायचे का? प्रशिक्षकाला काढले जाते तो क्षण बहुधा संघाच्या नशिबाच्या तळाचा असतो, आणि तळानंतर चढच येतो. याच्या जोडीला अर्थशास्त्रज्ञ स्टीफन झिमान्स्की यांनी इंग्लंडच्या क्लबांबाबत दाखवून दिलेली गोष्ट लक्षात ठेवावी: अनेक हंगामांची सरासरी घेतली तर खेळाडूंच्या पगारावरचा एकूण खर्च आणि गुणतक्त्यातील स्थान यांचे नाते इतके घट्ट आहे की बाकीच्या कारणांना फारशी जागा उरत नाही. ज्या थोड्या जागेत क्लब आपल्या पगारपत्रकाच्या मानाने वर चढतात किंवा खाली पडतात, तेवढ्याच जागेत आपला हा सगळा प्रश्न मावतो. ती जागा लहान आहे, पण बढती आणि पदावनती याच जागेत ठरतात.

ती जागा जवळून पाहायची असेल तर मला साउदॅम्प्टनसारखा दुसरा क्लब माहीत नाही. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हे शहर 2021 च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यामुळे ठाऊक आहे. तिथला फुटबॉल क्लब 2009 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, दहा गुणांच्या दंडासह तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. मार्कुस लीबहेर यांनी तो विकत घेतला आणि निकोला कोर्तेझे यांनी चालवायला घेतला. नायजेल अॅडकिन्स या प्रशिक्षकाने लागोपाठ दोन बढत्या मिळवून 2012 मध्ये संघाला प्रीमियर लीगमध्ये आणले. जानेवारी 2013 मध्ये चेल्सीच्या मैदानावर दोन गोलांनी मागे पडून संघाने 2-2 अशी बरोबरी साधली, संघ पदावनतीच्या रेषेच्या वर होता, आणि त्याच आठवड्यात अॅडकिन्स यांना काढून टाकले. त्यांच्या जागी मॉरिसिओ पोचेटिनो नावाचे, दुभाष्यामार्फत बोलणारे अर्जेंटिनाचे गृहस्थ आले. इंग्लंडभर टीका झाली. कृतघ्नपणा म्हणून पाहिले तर टीका योग्यच होती. फुटबॉलचा निर्णय म्हणून मात्र तो बरोबर ठरला, कारण पुढच्या हंगामात संघ आठवा आला.

मग 2014 चा उन्हाळा आला. कोर्तेझे जानेवारीतच गेले होते. पोचेटिनो टॉटनहॅमला गेले. रिकी लॅम्बर्ट, अॅडम लल्लाना आणि देयान लोव्हरेन लिव्हरपूलला गेले, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, कॅलम चेंबर्स आर्सेनलला. नवे प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांनी जुलैमध्ये ट्विटरवर एक छायाचित्र टाकले: सरावाचे हिरवेगार मैदान, त्यावर एकही माणूस नाही, आणि खाली 'सरावासाठी सज्ज' अशा अर्थाची ओळ. सगळ्या जाणकारांनी त्या वर्षी हा संघ खाली जाणार असे लिहिले. मीही माझ्या सहकाऱ्यांशी तशी पैज लावली होती आणि ती हरलो. संघ सातवा आला, आणि त्यानंतरच्या वर्षी, मॉर्गन श्नायडरलिन आणि नॅथनियल क्लाइन यांनाही विकून, सहावा.

हे कसे झाले, हे समजून घेण्यासाठी सरावकेंद्रातील एका खोलीकडे पाहायला हवे. स्टेपलवुड येथील केंद्रात 'ब्लॅक बॉक्स' नावाची खोली होती, जिथे जगभरातील खेळाडूंच्या चित्रफिती आणि आकडे साठवलेले असत. अशा खोल्या आता सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे खोलीचे कौतुक नको. महत्त्वाचे हे होते की क्लबचा फुटबॉल विभाग सांभाळणारे लेस रीड यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या मंडळींची यादी खेळाडू विकला जाण्याच्या आधी तयार असे. डावा बचावपटू शॉ गेला तर कोण, लल्लाना गेला तर कोण, आणि पोचेटिनो गेले तर त्यांच्याच धाटणीने पुढे दाबून खेळवणारा प्रशिक्षक कोण. म्हणून दुसान तादिच, ग्राझियानो पेल्ले, सादियो माने, रायन बर्ट्रंड आणि टोबी आल्डरवेरेल्ड हे त्या एका उन्हाळ्यात आले, आणि पुढच्या वर्षी सेल्टिककडून व्हर्जिल व्हॅन डाइक. विकण्याचा निर्णय जरी त्यांच्या हातात नसला, तरी विकल्यानंतरचा दिवस त्यांच्या हातात होता. इथे माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो: खेळाडू गेल्यावर त्याच्यासारखा खेळाडू शोधू नये, त्याची कामे मोजावीत. आमच्या एका संघातून एक शांत स्वभावाचा मधल्या फळीचा खेळाडू गेला. गोल करत नसे, पास देत नसे म्हणावे इतके कमी देई, आणि आम्ही आनंदाने त्याच्या जागी सफाईदार पास देणारा आणला. पहिल्या पाच सामन्यांत आमच्या गोलकीपरने उंच मारलेल्या प्रत्येक चेंडूनंतर खाली पडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ लागला. तो गेलेला मुलगा वीस-पंचवीस वेळा हेच एक काम करत असे, आणि आमच्या कुठल्याही तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

साउदॅम्प्टनची ही गोष्ट 2016 मध्ये संपवून चालणार नाही, कारण पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्या उन्हाळ्यात कूमन एव्हर्टनला गेले. माने, व्हिक्टर वन्यामा आणि पेल्ले विकले गेले. क्लोद प्युएल आले, संघ आठवा आला आणि लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून 3-2 असा हरला. तरी प्युएल यांना काढले, कारण खेळ कंटाळवाणा होता. मॉरिसिओ पेलेग्रिनो आले. जानेवारी 2018 मध्ये व्हॅन डाइक सुमारे साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. क्लबच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी विक्री होती, आणि तिच्यातून आलेल्या पैशांतून त्याच महिन्याच्या 25 तारखेला क्लबने मोनॅकोकडून गीडो कारिल्यो हा आघाडीवीर घेतला. हा खेळाडू अर्जेंटिनातील एस्तुदियान्तेसमध्ये पेलेग्रिनो यांच्याच हाताखाली खेळलेला होता. 12 मार्चला, म्हणजे दीड महिन्याने, पेलेग्रिनो यांना काढले. कारिल्यो लीगमध्ये साउदॅम्प्टनसाठी एकही गोल करू शकला नाही. ज्या प्रशिक्षकाच्या ओळखीवर खेळाडू आणला तोच प्रशिक्षक खेळाडूचे सामान पुरते उघडण्याआधी गेला; माझ्या मते त्या क्लबची सगळी घसरण या शेहेचाळीस दिवसांत साठवलेली आहे. 2014 मध्ये खेळाडूंची निवड क्लब करत होता आणि प्रशिक्षक त्यांत बसवला जात होता. 2018 मध्ये खेळाडू प्रशिक्षकासाठी आणला जात होता आणि प्रशिक्षक मात्र क्लबला नको होता. खेळाडू हेरणाऱ्या विभागाचे प्रमुख पॉल मिचेल 2014 च्या अखेरीस पोचेटिनोंकडे टॉटनहॅमला गेले होते, मालकी 2017 मध्ये बदलली होती, आणि लेस रीड यांनाही नोव्हेंबर 2018 मध्ये जावे लागले. प्रशिक्षक बदलणे आणि खेळाडू विकणे हे दोन्ही प्रकार 2014 सारखेच चालू होते. बदलली होती ती त्यांच्या मागची माणसे.

यानंतर क्लबने स्थैर्याचाही प्रयोग करून पाहिला, आणि तो प्रामाणिकपणे केला. राल्फ हासेनह्युटल डिसेंबर 2018 मध्ये आले. 25 ऑक्टोबर 2019 रोजी, बर्ट्रंड सुरुवातीलाच लाल कार्ड मिळून मैदानाबाहेर गेल्यावर, घरच्या मैदानावर लेस्टरकडून संघ 0-9 असा हरला. खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या दिवसाचे मानधन क्लबच्या धर्मादाय संस्थेला दिले. दुसरा कुठलाही क्लब असता तर त्या रात्री प्रशिक्षकाला निरोप दिला गेला असता, इथे ठेवले. जानेवारीत त्याच संघाने लेस्टरमध्ये जाऊन 2-1 असा विजय मिळवला आणि हंगामाअखेर अकरावा आला. म्हणजे संयम फळाला आला. फेब्रुवारी 2021 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून पुन्हा 0-9 झाले, पुन्हा ठेवले, आणि या वेळी सुधारणा झाली नाही. सलग दोन हंगाम पंधरावा क्रमांक. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांना काढले, त्यानंतरचे नेथन जोन्स जेमतेम तीन महिने टिकले, आणि संघ शेवटच्या क्रमांकाने खाली गेला. 2024 मध्ये परत वर आला आणि 2024-25 मध्ये अवघे 12 गुण मिळवून पुन्हा खाली गेला; प्रीमियर लीगच्या इतिहासात याहून कमी गुण फक्त डर्बी काउंटीचे आहेत. चार वर्षांचे स्थैर्य आणि तीन महिन्यांची अस्थिरता, दोन्हींनी एकाच खड्ड्यात नेले, कारण मधल्या काळात संघात येणारा खेळाडू जाणाऱ्यापेक्षा दरवर्षी थोडा कमी प्रतीचा होत गेला होता.

आता विक्रीच्या पैशाकडे वळतो, कारण चाहते ज्याला लोभ म्हणतात तो पुष्कळदा हिशेबाच्या वहीचा प्रश्न असतो. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची पडते, पण विकला की नफा त्याच वर्षाच्या वहीत पूर्ण दिसतो. स्वतःच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतील किंमत शून्य असल्यामुळे त्याच्या विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफाच असते. 2023-24 मध्ये प्रीमियर लीगच्या नियमानुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालत असे, आणि सलग तीन वर्षे त्या श्रेणीत नसलेल्या क्लबला त्याहून कमी. या नियमामुळे विक्री कधी करायची, याला विक्री करायची की नाही याइतकेच महत्त्व आले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे प्रकरण पाहावे. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच अकादमीचा मुलगा. 30 जून 2023 पूर्वी विकला असता तर हिशेब मर्यादेत बसला असता, पण तेव्हाच्या किमतीला विकायला क्लब तयार नव्हता. बाजार संपताना, सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी, तो सुमारे पावणेपाच कोटी पौंडांना टॉटनहॅमला गेला. अधिक किंमत मिळवली हा शहाणपणाच होता, अशी क्लबची बाजू होती. नियमाने तारीख पाहिली, आणि मार्च 2024 मध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. संघ कसाबसा वाचला. अशा वेळी 'खेळाडू विकला म्हणून संघ दुबळा झाला' आणि 'खेळाडू वेळेवर विकला नाही म्हणून संघ अडचणीत आला' ही दोन्ही वाक्ये एकाच क्लबबद्दल एकाच वर्षी खरी असू शकतात.

विक्री फायद्याची ठरल्याचे सर्वांत ठळक उदाहरण लिव्हरपूलचे, आणि ते सर्वांना माहीत असल्यामुळे थोडक्यात: जानेवारी 2018 मध्ये फिलिपे कुतिन्यो बार्सिलोनाला प्रचंड किमतीला गेला, आणि त्याच वर्षात व्हॅन डाइक व गोलकीपर अलिसन आले, 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग, 2020 मध्ये लीग. उलट बाजूला टॉटनहॅमने 2013 मध्ये गॅरेथ बेल विकून सात खेळाडू आणले, डिसेंबरमध्येच प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस गेले, आणि त्या सातांपैकी क्रिस्टियन एरिकसन हा एकच खऱ्या अर्थाने मोठा झाला. पैसे दोघांनाही भरपूर मिळाले होते. लिव्हरपूलला संघात नेमके काय कमी आहे हे विक्रीच्या आधीपासून ठाऊक होते.

प्रशिक्षक बदलल्याने काहीच नुकसान होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. नुकसान होते आणि ते कुठे होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी ज्या क्लबात होतो (नाव सांगण्यात अर्थ नाही) तिथे हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षक गेले, आणि प्रथेप्रमाणे त्यांच्याबरोबर त्यांचे दोन सहायक आणि फिजिओही गेले. डाव्या बाजूने पळणाऱ्या आमच्या मुलाच्या मांडीमागच्या स्नायूचे जुने दुखणे होते, आणि त्याला आठवड्यात दोनदाच पूर्ण वेगाने पळवायचे हे त्या फिजिओच्या डायरीत लिहिलेले होते. डायरी त्यांच्याबरोबर गेली. नव्या मंडळींना तो मुलगा ठणठणीत दिसला, तोही नव्या प्रशिक्षकासमोर कुरकुर करायला तयार नव्हता, आणि चौथ्या दिवशी सरावात तो मांडी धरून खाली बसला. दहा आठवडे गेले. प्रशिक्षक बदलण्याची खरी किंमत अशा बारीक बारीक माहितीत असते: कोणाला मध्यंतरात ओरडलेले चालते, कोणाला चालत नाही, कोणता बचावपटू उजवीकडे वळताना अडखळतो. ही माहिती क्लबची असायला हवी, प्रशिक्षकाच्या बॅगेतली नव्हे. त्यानंतर मी जिथे जिथे काम केले तिथे फिजिओचा करार प्रशिक्षकाच्या करारापासून वेगळा ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्यावरून माझे दोन प्रशिक्षकांशी कडाक्याचे भांडणही झाले. त्यांची बाजूही समजते. आपल्या विश्वासाची माणसे सोबत हवीत असे मलाही त्यांच्या जागी वाटायचे.

ब्रायटनने नेमके हे सांभाळले आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ग्रॅहम पॉटर आपल्या सहायकांसह चेल्सीला गेले, जानेवारीत लिआंद्रो ट्रोसार्ड आर्सेनलला विकला, तरी रॉबेर्तो दे झेर्बी यांच्या हाताखाली संघ सहावा आला आणि प्रथमच युरोपीय स्पर्धेत पोहोचला. त्या उन्हाळ्यात मोइसेस कैसेदो आणि अलेक्सिस मॅक अॅलिस्टर गेले तेव्हा मात्र संघ अकराव्या क्रमांकावर आला. म्हणजे उत्तम व्यवस्थेलाही एका वेळी मधल्या फळीचा सगळा कणा काढून घेतलेला सोसत नाही. दे झेर्बी गेल्यावर एकतीस वर्षांच्या फाबियन ह्युर्झेलर यांना आणण्याचे धाडस मालक टोनी ब्लूम यांनी केले आणि संघ आठवा आला.

आता गोव्याकडे. वाचकाने सांगितलेल्या घटनाक्रमात एक दुवा सुटला आहे. लोबेरा गेल्यावर क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी म्हणून सूत्रे घेतली, जमशेदपूरला 5-0 असे हरवून गोव्याने शील्ड जिंकले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून 5-6 असा पराभव झाला, त्याचे दुःख गोव्यात अजून आहे. पण तो पराभव लोबेरा असते तर टळला असता, हे कोण सांगणार? त्यानंतर चार मुख्य खेळाडू मुंबईला गेले, वर सर्वाधिक गोल करणारा फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरोही गेला. साउदॅम्प्टनच्या 2014 पेक्षा हे कमी नव्हते. आणि काय झाले? हुआन फेर्रांदो आले, कोरोच्या जागी आलेल्या इगोर अंगुलोने 14 गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट जिंकला, संघ चौथा आला, आणि उपांत्य फेरीत मुंबईशी 2-2 आणि 0-0 अशा बरोबऱ्यांनंतर फक्त पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच झाला, त्यामुळे मुंबईने करंडक उचलला तोही फातोर्ड्याला. हे दृश्य डोळ्यांत खुपले म्हणून 2020-21 हा घसरणीचा हंगाम वाटतो. आकड्यांवरून तो तसा नव्हता.

घसरण पुढच्या वर्षी झाली. अंगुलो मुंबईला गेला, 2021-22 ची सुरुवातच सलग तीन पराभवांनी झाली, आणि डिसेंबरमध्ये फेर्रांदो करारातील मुक्तीची तरतूद वापरून एटीके मोहन बागानला गेले. डेरिक परेरा यांनी संघ सांभाळला तरी अकरा संघांत नववा क्रमांक लागला. एकदा खेळाडू आणि प्रशिक्षक गेले तेव्हा क्लबकडे उत्तर तयार होते. दुसऱ्यांदा, तेही हंगामाच्या मध्यावर गेले तेव्हा नव्हते. मुंबईकडे पाहिले तर उलट चित्र दिसते. लोबेरा ऑक्टोबर 2021 मध्ये गेले, आणि तेव्हा मुंबईची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्याच मेलबर्नच्या क्लबातून डेस बकिंगहॅम यांना पाठवले. पहिल्या हंगामात पाचवा क्रमांक आला, दुसऱ्यात शील्ड. बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये ऑक्सफर्डला गेले तेव्हा पेत्र क्रात्की हेही मेलबर्नमधूनच आले आणि मे 2024 मध्ये आयएसएल करंडक जिंकला. चार वर्षांत तीन प्रशिक्षक झाले, पण त्यांना निवडणारे कार्यालय तेच राहिले.

आपल्याकडे एक अडचण युरोपपेक्षा मोठी आहे. बुमूससाठी मुंबईने करारमुक्तीची रक्कम मोजली होती, पण आयएसएलमध्ये खेळाडू बहुतेक वेळा करार संपल्यावर जातो आणि क्लबच्या हाती काहीच येत नाही. विक्री नाही, म्हणून विक्रीतून उभा राहणारा पर्यायही नाही. त्यामुळे करार संपायच्या दीड वर्ष आधी त्या खेळाडूशी बोलणे, नाहीतर त्याच्या जागेचा मुलगा राखीव संघात घडवायला घेणे, एवढीच हत्यारे उरतात. 2024 मध्ये 2017 पासून गोव्यासाठी खेळणारा ब्रँडन फर्नांडिस मुंबईला गेला आणि नोहा सदाउई केरला ब्लास्टर्सला. गोव्यातील माझ्या मित्रांनी तेव्हा फोनवर 2020 ची आठवण काढली. मानोलो मार्केझ मात्र जागेवर होते, रिकाम्या जागांसाठी माणसे आधीच पाहून ठेवलेली होती, आणि आदल्या वर्षी तिसरा आलेला संघ 2024-25 मध्ये दुसरा आला, मे महिन्यात जमशेदपूरला 3-0 असे हरवून सुपर कपही घेऊन गेला.